'क्रॅप' हा शब्द क्रॅपर नावाच्या प्लंबरवरून आला का?

उपशीर्षके: इंग्रजी संवादांचं मराठी करताना 'क्रॅप' हा शब्द सतत आडवा येतो. कधी ती शी, कधी बकवास, कधी नुसता वैताग. लंडनच्या थॉमस क्रॅपरच्या संडासांवरून शब्द आला असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. खरं आहे का? आणि कितपत असभ्य धरायचा?

फोलकट: तारखाच जुळत नाहीत. क्रॅपर जन्मला १८३६ मध्ये, चेल्सीत धंदा थाटला १८६१ मध्ये. शौचकूपासाठी 'क्रॅपिंग केन' हा प्रयोग मात्र १८४६ मध्येच नोंदलेला आहे ('केन' म्हणजे चोरांच्या बोलीत घर). तेव्हा हा दहा वर्षांचा पोर! फ्लशचा शोधही त्याचा नव्हे. जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये तशा संडासाचं वर्णन छापलं, अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये पेटंट घेतलं. क्रॅपरने सुधारणा केल्या आणि माल उत्तम खपवला.

शब्द त्याहून कितीतरी जुना. मध्ययुगीन इंग्रजीत 'क्रॅप' म्हणजे फोलकट, मळणीत पायाखाली तुडवलं गेलेलं धान्य. पुढे चरबी कढवल्यावर उरणारा चोथा, बिअरच्या तळाचा गाळ, असं जे जे टाकाऊ ते ते त्यात आलं. विष्ठेचा अर्थ बराच नंतरचा. म्हणजे 'फालतू' हा अर्थच मूळच्या जवळचा आहे. आडनाव वेगळंच, 'क्रॉपर'चं बदललेलं रूप.

बोलभांड: 'शिट'हून एक पायरी खाली. मित्रांत चालतो, अर्जात किंवा मुलाखतीत नाही.

भाषांतर करताना आधी 'अ' (a) हे उपपद आहे का बघा. 'टेक अ क्रॅप' म्हणजे सरळ हगणं. 'अ' गेला की 'डोंट टेक क्रॅप फ्रॉम हिम', म्हणजे त्याचं काही ऐकून घेऊ नकोस. इथेच बहुतेक उपशीर्षकं फसतात. 'कट द क्रॅप' = फालतू बडबड पुरे. 'लोड ऑफ क्रॅप' = निव्वळ थापा. 'होली क्रॅप'ला 'बाप रे' पुरतं, तिथे शी आणू नका. ब्रिटिश लोक त्याचं थेट विशेषण करतात: 'ही इज क्रॅप ॲट मॅथ्स', गणितात ढ. अमेरिकन तोंडी 'क्रॅपी' जास्त.

उपशीर्षके: आणि 'क्रॅप आउट'? तोही यातलाच?

फोलकट: तो फाशांच्या 'क्रॅप्स' या जुगारातला मानतात. त्या खेळाचं नाव 'क्रॅब्स'वरून आलं, म्हणजे 'हॅझर्ड' या जुन्या खेळातलं सर्वांत हलकं दान. क्रॅप्समध्ये पहिल्याच फेकीला २, ३ किंवा १२ पडले की डाव गेला. म्हणून इंजिन 'क्रॅप्ड आउट' म्हणजे ऐनवेळी बंद पडलं. त्यात घाण शोधू नका.

बोलभांड: माणसाबद्दल असेल तर 'ऐनवेळी कच खाल्ली' लिहा.