मदत हवी आहे: वडिलांना नाकातल्या नळीसकट घरी सोडतायत (कोल्हापूर)

वडील ७१ वर्षांचे. पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, गिळता येत नाही. परवा डिस्चार्ज. बघायला मी आणि आई. राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) किती आणि कसं द्यायचं? मावशी म्हणतात, ताकदीला पांढरा रस्सा घाला. चालेल का?

शाहूपुरीकर: दादा, पांढरा रस्सा नको. खोबऱ्या-तिळाचा चोथा नळीत बसतो. अळणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी) चालेल, पण वरची चरबी काढून, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून. मीठ डॉक्टर सांगतील तेवढंच. (मावशींना एवढं पुरेल.) नुसत्या अळणीवर भागत नाही, वरण-भात मिक्सरला पातळ करून, दूध, नाचणीची पेज, सगळं गाळून कोमट द्या. साधारणपणे एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. दिवसाचा हिशोब डिस्चार्जआधीच आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या, विशेषतः शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर.

पाजताना पाठ ३० ते ४५ अंश वर, नंतरही तासभर तशीच. लगेच आडवं केलं तर पोटातलं उलटून फुप्फुसात जातं, न्युमोनिया होतो. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, नळकांडं उंच धरा, आपोआप उतरू द्या. दाबायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी.

पाचवी गल्ली: नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून घ्या. दर वेळी आधी ती बघायची. खूण सरकली, किंवा पाजताना ठसका लागला, श्वास लागला, तर थांबा. नळी स्वतः आत ढकलू नका, दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: आणि गोळ्या? त्या बारीक करून दुधातच घालू?

पाचवी गल्ली: दुधात नको. प्रत्येक गोळी वेगळी कुटून १५-२० मिली पाण्यात, मध्ये थोडं पाणी सोडून. ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) असं असतं त्या कुटायच्याच नाहीत. पर्याय डॉक्टरांना विचारा. नळी तुंबली तर कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करायचं. तार घालायची नाही.

शाहूपुरीकर: कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. माकडहाडावर, टाचेवर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा पडत नसेल तर जखम सुरू झाली समजा. तिथे चोळू नका, रबरी रिंग नको. उचलताना उजवा हात ओढू नका, खांदा निखळतो.

उद्याचं एक पाजणं सिस्टरसमोर आईच्या हातून करून घ्या.