कबरा कोंबडा, तीन ओळींचा बसका तुरा, पिवळे पाय: नेमका कशाचा संकर?

कोरेगावकर (प्रश्न)

टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या मिश्र पिल्लांतला कोंबडा आहे. वय ८ महिने, सकाळी उपाशीपोटी वजन ३.२ किलो. विकणाऱ्याने ‘कडकनाथ-गिरिराज क्रॉस’ सांगितलं होतं (कडकनाथ म्हणजे काळ्या कातडीची देशी जात, गिरिराज म्हणजे परसात पाळायचा रंगीत संकर).

अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे, काळा पट्टा पांढऱ्यापेक्षा रुंद. मानेवर आणि खांद्यावर तांबूस-सोनेरी झाक. तुरा बुटका, तीन ओळींचा, मधली ओळ जराशी उंच. चोचीखालचे कल्ले लहान. चेहरा लाल, पण डोळ्याभोवती काळपट. पाय पिवळे, पुढच्या खवल्यांवर काळे डाग. पायावर पिसं नाहीत, बोटं चार. घरच्या कोंबड्या गावठी, सगळ्या एकेरी तुऱ्याच्या. याच्यापासून पिल्लं काढायची आहेत. कडकनाथचं रक्त खरंच असेल का?

असीलवाला

कडकनाथचा तुरा एकेरी, दातेरी आणि उभा असतो. तुमच्या कोंबड्याचा तीन ओळींचा तुरा तिथून आलेला नाही. असा तुरा असीलचा, म्हणजे झुंजीच्या देशी जातीचा. हा गुण एकेरी तुऱ्यावर मात करतो, आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. फक्त एकाकडूनच आला असेल तर तो शुद्ध असीलइतका घट्ट आणि बारीक राहत नाही, थोडा मोठा होतो आणि मधली ओळ वर येते. तुमचं वर्णन तेच सांगतंय.

पट्टे मात्र असीलचे नाहीत. असीलमध्ये ‘चित्ता’ म्हणतात तो ठिपक्यांचा, आडव्या पट्ट्यांचा नव्हे. पट्टे बार्ड प्लायमाउथ रॉक या पट्टेदार परदेशी जातीकडून किंवा ते रक्त असलेल्या रंगीत संकराकडून आलेले. काळा पट्टा रुंद म्हणजे पट्ट्यांचा गुण एकाच बाजूने आलाय. दोन्हीकडून आला असता तर कोंबडा बराच फिका, राखाडी दिसला असता.

डॉ. पशुधन

तुऱ्यावरून थेट असील म्हणणं घाईचं होईल. कॉर्निश या मांसासाठीच्या परदेशी जातीचा तुराही तसाच असतो, कारण कॉर्निश मुळात असीलपासून बनलेली जात. आणि परसातल्या रंगीत पक्ष्यांत कॉर्निशचं रक्त भरपूर आहे. हैदराबादच्या वनराज या परसातल्या संकराची नर बाजू लाल कॉर्निशवरूनच तयार केलेली आहे. म्हणून तुरा बाजूला ठेवा आणि बांधा बघा.

कोंबडा सपाट जमिनीवर मोकळा सोडा, बाजूने बघा. असील अंगात असेल तर मान लांब, पाठ शेपटीकडे उतरती, शेपूट खाली, मांड्या लांब, भुवईचं हाड पुढे आलेलं, चोच जाड आणि आखूड. पिसं अंगाला चिकटलेली असतात. पक्षी हातात घेऊन छातीच्या हाडावर बोट फिरवा: असीलच्या रक्तात तिथे बऱ्याचदा पिसं विरळ आणि लाल कातडी उघडी असते. कॉर्निशकडचा असेल तर छाती रुंद, पाय आखूड, दोन पायांत अंतर जास्त. मागून पाहिलं की लगेच कळतं.

कोरेगावकर

पाठ उतरती आहे, मान लांब आहे, छातीच्या हाडावर बोटभर जागा उघडी आणि लाल. पायांतलं अंतर जास्त नाही.

डॉ. पशुधन

मग असील धरा. वजनही जुळतं. असील नर पूर्ण वाढीला ४ किलोच्या पुढे जातो, कडकनाथ नर साधारण १.५ ते २ किलोच्या आसपास थांबतो. ८ महिन्यांत ३.२ किलो म्हणजे एक बाजू नक्की जड आहे.

काळी कोंबडी, खरी-खोटी

कडकनाथबद्दल पायाच्या रंगावरून काहीच ठरवू नका, हो नाही आणि नाहीही नाही. काळी कातडी देणारा गुण प्रभावी असतो, पण पिवळ्या पायांच्या पक्ष्यांत तो काळा रंग दाबणारा दुसरा गुण असतो आणि तो लिंगाशी जोडलेला असतो, म्हणजे आईकडून तो फक्त नर पिल्लांत उतरतो. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची मादी जोडली तर माद्या काळ्या निघतात, नर फिके. त्यात पट्ट्यांचा गुणसुद्धा पायातला काळा रंग पुसतो. तुमच्या कोंबड्यात हे दोन्ही असू शकतं.

म्हणून तपासायची जागा तोंड. उजेडात चोच उघडा, जीभ आणि टाळू बघा. मग पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं फुंकून कातडी बघा. राखाडी-निळसर चट्टे दिसले तर काळ्या जातीचा अंश असण्याची शक्यता आहे. सगळं स्वच्छ गुलाबी-पिवळं असेल तर विकणाऱ्याचा शब्द सोडून पुरावा काही उरत नाही. नुसता डोळ्याभोवतीचा काळपटपणा कोंबड्यांच्या देवी रोगाच्या खपल्या पडून गेल्यावरही राहतो, आणि तुऱ्याची टोकं निळसर पडली तर तो आजार समजावा.

मानेवर पांढरी रेघ असलेला ‘पेन्सिल’ कडकनाथ असतो खरा, पण त्याच्या अंगभर पट्टे नसतात. कबरा पक्षी ‘पेन्सिल’ म्हणून खपवतात, तेव्हा जपून.

असीलवाला

डॉक्टरांनी सांगितलेलं कॉर्निशचं मान्य. खात्री हवी असेल तर पिल्लं काढूनच बघा. बाकी सगळे नर ३ आठवडे वेगळे ठेवा, कारण आधीच्या कोंबड्याचं बीज मादीत दोन-तीन आठवडे टिकतं. इथेच बहुतेकांचा निकाल चुकतो. मग ८-१० दिवसांत २४ अंडी जमवा, दोन खुडूक कोंबड्यांखाली प्रत्येकी १० ते १२ ठेवा. २१ दिवसांनी पिल्लाच्या डोक्यावर ओलं बोट फिरवा: एकेरी तुऱ्याची एकच रेघ लागते, असीलसारख्या तुऱ्याचा बुटका तीन रेघांचा पट्टा. कोंबड्या एकेरी तुऱ्याच्या असल्यामुळे साधारण निम्मी पिल्लं तशी निघाली तर गुण एकाच बाजूचा. सगळीच तशी निघाली तर तो दोन्हीकडून आलाय.

काळी कोंबडी, खरी-खोटी

त्याच पिल्लांत कडकनाथचाही निकाल लागेल. बिनपट्ट्याच्या माद्या वेगळ्या काढा. काळ्या लवेच्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेली पट्टेवाली, त्यांना सोडा. मादीला पट्ट्याचा गुण बापाकडूनच मिळतो. पट्टा नाही म्हणजे तिला बापाची दुसरी बाजू मिळाली, आणि कडकनाथ असेल तर तो त्याच बाजूला. अशा माद्यांपैकी निम्म्यांचे पाय, तोंड आणि कातडी काळी निघायला हवी. १८-२० पिल्लांत अशा काळ्या माद्या दोन-तीनच येतील, तेव्हा एका रवणीवर (अंडी उबवण्याच्या एका खेपेवर) थांबू नका, निदान तीन रवणी काढा. त्यांत एकही काळी मादी निघाली नाही तर कडकनाथ म्हणून पिल्लू विकू नका. असील-कबरा संकर सांगा, त्यालाही गिऱ्हाईक आहे. नर वाढले की ५ महिन्यांच्या आत वेगळे करा, असीलचं रक्त एका खुराड्यात शांत बसत नाही.