सांगलीच्या घराचा आयपी इथून वापरायचा आहे: प्रॉक्सी कुठला?

वैशाली:
मंडळी, नमस्कार. मी परदेशात आहे, आणि भारतातल्या काही सरकारी साइट परदेशी आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) थेट ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, दाखवतात. फुकट प्रॉक्सींच्या (आपल्या वतीने साइट उघडणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या) याद्यांत ट्रान्स्परंट, अनॉनिमस, एलिट, सॉक्स५ असे प्रकार दिसतात. कुठला घ्यावा? सांगलीत गावभागातल्या घरी फायबर आहे.

अनिरुद्ध:
वैशालीताई, त्या यादीतला एकही नको. ट्रान्स्परंट तुमचा खरा आयपी हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत) पुढे पाठवतो, अनॉनिमस तो लपवतो पण मध्ये प्रॉक्सी आहे हे सांगतो, एलिट काहीच सांगत नाही. हा फरक साध्या एचटीटीपीपुरताच. एचटीटीपीएसला (एन्क्रिप्टेड साइटला) ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ पाठवून टनेल, म्हणजे थेट साइटपर्यंतचा बंद मार्ग, उघडतो. प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव आणि पोर्ट कळतं, आत हेडर घुसवता येत नाही. मात्र सर्टिफिकेटचा इशारा आला आणि तुम्ही ‘पुढे जा’ म्हणालात, तर पासवर्डसकट सगळं त्याच्या हातात.

घरी रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) ठेवा. लॅपटॉपवरून त्याला एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रामने) जोडताना कॅपिटल डी हा पर्याय आणि १०८० पोर्ट द्या, की सॉक्स५ (कुठल्याही प्रकारची वाहतूक पुढे नेणारा प्रॉक्सी) तयार. सॉक्स५ स्वतः एन्क्रिप्शन करत नाही. इथे ते काम एसएसएच करतं. फायरफॉक्समध्ये मॅन्युअल प्रॉक्सी निवडून सॉक्स होस्ट १२७.०.०.१ (म्हणजे हाच लॅपटॉप), पोर्ट १०८०, आवृत्ती ५. एचटीटीपीचा रकाना रिकामाच ठेवा. बहुतेकांचं तिथेच चुकतं. डीएनएसही (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) प्रॉक्सीतून न्यायची खूण करा, नाहीतर साइटचं नाव इथलाच डीएनएस शोधणार. हे सगळं फक्त फायरफॉक्सपुरतं. अख्ख्या लॅपटॉपची वाहतूक सांगलीतून न्यायची तर व्हीपीएन हवा.

संदीपकाका:
अनिरुद्ध, एक राहिलं. आधी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघायला सांग. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनी एकच आयपी अनेक घरांत वाटते, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं जोडणं राउटरने पायकडे वळवणं) करून काही होणार नाही. मग पायनेच बाहेर एका भाड्याच्या सर्व्हरला एसएसएचने कॅपिटल आर लावून जोडून राहायचं: सर्व्हरचं २२२२ पोर्ट, पायचं २२. वैशाली, इथून त्या सर्व्हरला जंप होस्ट (मधला थांबा) करून पायपर्यंत जायचं. सॉक्स सर्व्हरवरच उघडलास तर साइटला डेटा सेंटरचा आयपी दिसेल आणि ४०३ तसाच राहील. याला रिव्हर्स टनेल म्हणतात. रिव्हर्स प्रॉक्सी वेगळा: तो वेबसाइटच्या पुढ्यात बसतो, मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही की ५०२ ही चूक देतो. दोन्हींत गल्लत नको.

लाइट गेली-आली की टनेल आपोआप जुळायला हवा, म्हणून पायवर सिस्टमडीत (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) सर्व्हिस करा, एसएसएचचा ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ (जोडणी जिवंत आहे का ते तपासायचं अंतर) ३० सेकंद. लॉगिन फक्त एसएसएच कीने (किल्लीच्या फाइलने), पासवर्ड बंद. वेग घरच्या अपलोडइतकाच मिळेल. आणि राउटर, पाय वरच्या मजल्यावर. २०१९च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते गावभागात सांगायला नको.