फिजिओ मॅडमच्या आठवणीत कान्हेरीपर्यंत चालणं

प्रश्न: डोंगरवेड्या फिजिओ मॅडम गेल्या. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात त्यांच्या आठवणीत चालायचंय. निम्मे जण त्यांचेच गुडघ्याचे पेशंट. झेपेल?

सह्यवेडा: गेटपासून कान्हेरी लेणी साधारण 6 किमी, शेवटी चढ. गुडघेवाल्यांना बसनेच वर न्या. मॅडमनीही हेच सांगितलं असतं. खरा त्रास उतरताना: मांडीचा स्नायू लांबत लांबत वजन पेलतो, वाटीवर दाब येतो. लांबी बदलता येणारी ट्रेकिंगची काठी धरल्यावर कोपर 90 अंशांत हवं, उतारावर ती 5 ते 10 सेंमी वाढवा. पायरी उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

रानवाट: झाड लावायचं तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. खाऊच्या पिशव्या बंद ठेवा, माकडं हिसकावतात.