मदत हवी आहे : बीम प्रोफायलरवर (लेझर बीमचा आकार मोजणारा कॅमेरा) डी-फोर-सिग्मा व्यास चौकटीप्रमाणे बदलतोय

हीलियम-निऑन लेझर, ६३२.८ नॅनोमीटर, कंटिन्युअस. कॅमेरा १२ बिट, २०४८ × २०४८, पिक्सेल ५.५ मायक्रॉन. गाउसियन फिटचा व्यास ६४० मायक्रॉन येतो आणि तिथेच टिकतो. डी-फोर-सिग्मा मात्र पूर्ण फ्रेमवर ११५०, आणि १०२४ × १०२४ ची चौकट घातली की ६८०! शिखर ३४०० काउंट (पिक्सेलचा आकडा, कमाल ४०९५), म्हणजे सॅच्युरेशन नाही. ऑटो एक्स्पोजर चालू, ब्लॅक लेव्हल (अंधारातल्या पिक्सेलचा मूळ आकडा) शून्य, पार्श्वभूमी (बीम नसतानाची फ्रेम) सकाळी एकदाच घेतलेली. एम-स्क्वेअर (बीम आदर्श गाउसियनच्या किती जवळ आहे त्याचा आकडा) काढायचा आहे. काय बदलू?

उत्तर १

दोष पार्श्वभूमीचा आहे. डी-फोर-सिग्मा सेकंड मोमेंटवरून निघतो. त्यात प्रत्येक पिक्सेलच्या तीव्रतेला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणतात, त्यामुळे कडेचा क्षुल्लक उरलेला उजेडही भारी पडतो. तुमचेच आकडे घ्या: पूर्ण फ्रेमवर सरसकट एक काउंट शिल्लक राहिला तर ६४० चे साधारण ५७०० मायक्रॉन होतात. ११५० यायला काउंटचा चाळिसावा भागसुद्धा पुरतो.

आधी ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करा, गॅमा १ ठेवा, म्हणजे काउंट उजेडाच्या प्रमाणात राहतील. एक्स्पोजर ठरवा, आणि शिखर ४०९५ पैकी ८०–८५ टक्क्यांवर येईल इतका प्रकाश एनडी फिल्टरने कमी करा. मग ब्लॅक लेव्हल इतकी वाढवा की बीम अडवल्यावर हिस्टोग्रामचा डावा उतार पूर्ण दिसेल. शून्यावर ठेवली की नॉइजचा खालचा अर्धा भाग कापला जातो आणि सरासरी वर सरकते.

आता पार्श्वभूमी घ्या. बीम लेझरपाशी अडवा, कॅमेऱ्याला झाकण लावू नका. खोलीतला उजेडही वजा व्हायला हवा. बऱ्याच फ्रेमची सरासरी घ्या. वजाबाकीत ऋण आकडे येणारच, ते शून्य करणारा पर्याय बंद ठेवा. यानंतर एक्स्पोजर किंवा गेन हलवलात तर पार्श्वभूमी नव्याने घ्यावी लागेल.

शेवटी ऑटो अ‍ॅपर्चर (बीमभोवती चौकट आपोआप बसवणारा पर्याय) चालू करा. आयएसओ १११४६ प्रमाणे चौकट व्यासाच्या तिप्पट हवी. तुमच्याकडे ती सुमारे ३५० पिक्सेल. त्या चौकटीत एक काउंट राहिला तरी ६४० चे ६६३ च होतात.

प्रश्नकर्ता

आता ६४६, आणि चौकट थोडी हलवली तरी फारसा फरक पडत नाही. खूप आभार. पण बीमवर समांतर पट्टे दिसतात, ते कसले?

उत्तर २

सेन्सरवरची काच किंवा समांतर पृष्ठांचा फिल्टर. दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश मूळ बीमशी मिसळला की पट्टे उमटतात. फिल्टर किंचित तिरका करून पाहा. पट्टे हलले तर फिल्टरचे, नाही हलले तर काचेचे. फिल्टरचे असतील तर वेजचा (पृष्ठे एकमेकांशी किंचित तिरपी असलेला) फिल्टर वापरा. काचेचे असतील तर काच नसलेला किंवा वेज काचेचा सेन्सर लागतो. सॉफ्टवेअरमधल्या स्मूदिंगने ते झाकू नका, व्यास फुगतो.