पेनड्राइव्ह उबुंटूवर दिसतो, पण उघडत नाही. विंडोज फॉरमॅट करायला सांगते

प्रूफवाचक:
आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचे लेख आणि स्कॅन केलेली जुनी छायाचित्रे एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आहेत. छापखान्यातल्या विंडोजच्या संगणकाला तो लावल्यावर, वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल असा संदेश आला. तसे काही न करता तो घरी आणून उबुंटू २२.०४ वर लावून पाहिला. एलएसबीएलके हा जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारा आदेश ‘एफ’ पर्यायासह दिला असता एसडीबी (पेनड्राइव्ह) आणि त्याखाली एसडीबी१ (त्यावरचे पार्टिशन, म्हणजे विभाग) अशी दोन्ही नावे येतात, पण फाइल सिस्टिमचा (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) रकाना रिकामाच राहतो. माउंट करू गेल्यास (म्हणजे फाइली उघडण्यासाठी जोडू गेल्यास) फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा किंवा सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) खराब असल्याची तक्रार येते. लेख ई-मेलमध्ये सापडतील. छायाचित्रांची मात्र दुसरी प्रत नाही. फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारे एफएससीके चालवून पाहावे का?

टर्मिनलकर:
एफएससीके आत्ता मुळीच चालवू नका. ते दुरुस्ती करते म्हणजे त्याच पेनड्राइव्हवर लिहिते, आणि बिघाड चिपमध्ये असेल तर आज वाचता येणारा भागही उद्या हाती लागणार नाही. विंडोजच्या त्या संदेशावरून, फाइल सिस्टिम ओळखता आली नाही, यापलीकडे काहीही कळत नाही.

पेनड्राइव्ह काढा, संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा (मध्ये हब नको) आणि लगेच डीमेसेज या आदेशाने दिसणाऱ्या कर्नलच्या (उबुंटूच्या गाभ्याच्या) नोंदींतील शेवटच्या ओळी वाचा. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर’ वाचताना उणे ७१ क्रमांकाची त्रुटी येत असेल तर बहुधा दोष जोडणीत असतो. दुसरे पोर्ट वापरून पाहावे. एलएसबीएलकेमध्ये आकार शून्य दिसत असता तर कंट्रोलरच (पेनड्राइव्हमधील नियंत्रक चिप) गेला असे मानावे लागले असते, पण तुमच्याकडे पार्टिशनचे नाव येते आहे, म्हणजे निदान पेनड्राइव्हचा पहिला सेक्टर (साठवणुकीचा सर्वांत लहान तुकडा) वाचला जातो. आता पाहायचे ते एवढेच, की विशिष्ट सेक्टरचा क्रमांक देऊन इनपुट-आउटपुट त्रुटी नोंदली जाते आहे का.

प्रूफवाचक:
पोर्ट बदलले, फरक पडला नाही. डीमेसेजमध्ये एसडीबीवर सेक्टर २०४८ येथे इनपुट-आउटपुट त्रुटी असल्याची ओळ पुन्हा पुन्हा येते. पार्टिशनांची माहिती देणाऱ्या एफडिस्कप्रमाणे एसडीबी१ची सुरुवातही २०४८ पासूनच आहे आणि प्रकार फॅट३२ दाखवला आहे.

टर्मिनलकर:
मग दुखणे बरेच स्पष्ट आहे. पार्टिशनचा पहिला सेक्टर म्हणजे बूट सेक्टर. फाइल सिस्टिम कोणती, क्लस्टर (फाइलींना जागा देण्याचे एकक) केवढा, फॅटचे तक्ते (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी) कुठे सुरू होतात, हे सारे त्यात लिहिलेले असते. तोच वाचता येत नसल्यामुळे रकाना रिकामा दिसतो. छायाचित्रे ज्या भागात आहेत तो बहुधा शाबूत असावा. शिवाय फॅट३२मध्ये बूट सेक्टरची राखीव प्रत साधारणपणे त्याच पार्टिशनच्या ६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये (मोजणी शून्यापासून) ठेवलेली असते.

आधी संपूर्ण पेनड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे सेक्टरमागून सेक्टर उतरवलेली एकच मोठी फाइल, घ्या. त्यासाठी जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज बसवा. आदेशाचे नाव मात्र डीडीरेस्क्यू असे आहे. पहिल्या फेरीत ‘डी’ आणि ‘एन’ हे पर्याय द्या, दुसऱ्या फेरीत ‘एन’ वगळून ‘आर ३’ द्या, आणि दोन्ही वेळा मॅप फाइलचे (काय वाचून झाले याच्या नोंदीचे) नाव तेच ठेवा, म्हणजे वाचून झालेला भाग पुन्हा वाचला जाणार नाही. ‘डी’ विसरू नका. एरवी कर्नल चार-चार किलोबाइटचे तुकडे वाचतो आणि त्यात एक सेक्टर खराब निघाला तर शेजारचे सातही हातचे जातात. नेमकी तुमची राखीव प्रत त्याच तुकड्यात आहे. प्रतिमा संगणकाच्या आतील डिस्कवर साठवा, कारण बाहेरची डिस्क फॅट३२ची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावणार नाही.

त्यानंतरची सगळी खटपट प्रतिमेच्या आणखी एका प्रतीवर करा. तिच्यावर टेस्टडिस्क हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवून ‘ॲडव्हान्स्ड’ आणि मग ‘बूट’ निवडा. मूळ बूट सेक्टर खराब आणि राखीव चांगला असे दिसले, तर राखीव प्रत मूळ जागी लिहिण्याची सोय तिथेच मिळते.

दप्तरदार:
हरवलेल्या फाइली शोधून काढणारे फोटोरेकच थेट चालवले तर काम लवकर होईल, नाही का? ते फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही.

टर्मिनलकर:
छायाचित्रे मिळतील, पण नावे आणि फोल्डर जातील. शिवाय तुकड्यांत साठलेल्या फाइली अनेकदा अर्धवट निघतात. कोणते छायाचित्र कोणत्या वर्षाचे हे फाइलच्या नावावरूनच कळत असेल, तर नंतर ते सगळे लावत बसणे नको वाटेल. बूट सेक्टर परत मिळाला नाही तरच फोटोरेककडे वळावे.

प्रूफवाचक:
प्रतिमा तयार झाली. अगदी थोडा भाग वाचता आला नाही. टेस्टडिस्कमध्ये राखीव बूट सेक्टर चांगला निघाला आणि प्रतिमा केवळ-वाचन स्वरूपात माउंटही झाली. छायाचित्रे उघडत आहेत. मात्र फाइलींची मराठी नावे प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसतात. नावेही खराब झाली का?

टर्मिनलकर:
नावे शाबूत आहेत. फॅटमध्ये लांब नावे युनिकोडमध्येच साठवलेली असतात. हाताने माउंट करताना मात्र कर्नल पाश्चात्त्य युरोपीय लिपिसंच गृहीत धरतो आणि देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे टाकतो. फाइल मॅनेजरमधून माउंट होताना योग्य पर्याय आपोआप दिला जातो, म्हणून हे एरवी लक्षात येत नाही. प्रतिमा अनमाउंट करा आणि पर्यायांत ‘यूटीएफ८’ जोडून पुन्हा माउंट करा. प्रश्नचिन्हे दिसत असताना फाइलींच्या प्रती काढू नका, नाहीतर प्रश्नचिन्हांचीच नावे नव्या डिस्कवर उतरतील.

प्रूफवाचक:
नावे नीट दिसली. प्रती काढायला सुरुवात केली आहे; पेनड्राइव्ह आता भंगारात.