वितळलेल्या ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता कशी मोजावी?

ओतकाम (प्रश्न)
नमस्कार. शुद्ध ॲल्युमिनियम साच्यात कसे गोठते, याचे सिम्युलेशन आम्ही करत आहोत. त्यासाठी घनता, विशिष्ट उष्मा आणि उष्णतावाहकता यांची मूल्ये खोलीच्या तापमानापासून ८०० अंश सेल्सिअसपर्यंत हवी आहेत. प्रयोगशाळेकडून मिळालेली मूल्ये ६०० अंशांवरच थांबतात. तोच आलेख पुढे वाढवून द्रव अवस्थेसाठी वापरता येईल का?

उष्मामापन
कृपया तसे करू नका. वाहकतेचा आलेख ६६०.३ अंशांच्या द्रवणांकापाशी अक्षरशः तुटतो: त्याच्या अगदी खाली घन ॲल्युमिनियमची वाहकता प्रतिमीटर प्रतिकेल्विन सुमारे २१० वॅट असते आणि वितळताच ती ९० ते ९५ वर येते. धातूतील उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात, आणि स्फटिकाची नियमित रचना मोडली की ते पूर्वीपेक्षा फार अधिक विखुरले जातात.

मापनासाठी लेझर फ्लॅश पद्धत वापरतात. पार्कर आणि सहकाऱ्यांनी ती १९६१ मध्ये मांडली. पातळ चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकतात आणि दुसऱ्या बाजूचे तापमान कमाल वाढीच्या निम्म्यापर्यंत चढण्यास लागलेल्या वेळेवरून उष्णतेची विसरणशीलता, म्हणजे पदार्थातून उष्णता किती वेगाने पसरते ते, काढतात. तिला घनता आणि विशिष्ट उष्मा यांनी गुणले की वाहकता मिळते. सूत्रात जाडीचा वर्ग येत असल्यामुळे जाडी ५ टक्के चुकली, तर उत्तर सुमारे १० टक्के चुकते. म्हणून द्रवाच्या थराची जाडी पक्की राखणारे सफायरचे पात्र घ्यावे आणि त्याच्या भिंतींतून जाणाऱ्या उष्णतेची दुरुस्ती करावी. वितळलेले ॲल्युमिनियम प्लॅटिनम खाते, त्यामुळे विशिष्ट उष्मा मोजतानाही त्याचा प्लॅटिनमच्या पात्राशी थेट संपर्क येऊ देऊ नये.

घनता_मापक
वरील गुणाकारात खोलीच्या तापमानाची घनता, म्हणजे प्रतिघनसेंटीमीटर २.७० ग्रॅम, घालण्याची चूक वारंवार दिसते. द्रवणांकाला द्रवाची घनता सुमारे २.३८ असते, म्हणजे तेवढ्यानेच वाहकता १३ टक्क्यांहून अधिक फुगते. नमुना आकार धरून असेपर्यंतच डायलॅटोमीटर (तापवल्यावर होणारे प्रसरण मोजणारे उपकरण) उपयोगी पडतो. पुढे वितळलेल्या धातूत तारेला टांगलेला ठोकळा बुडवून आर्किमिडीजच्या तत्त्वाने घनता मोजावी, मात्र तारेवरील पृष्ठताणाची दुरुस्ती विसरू नये.

आणखी एक सूचना करतो. कॅलरीमीटरच्या आलेखात द्रवणांकापाशी दिसणारे शिखर हे विशिष्ट उष्म्याचे मूल्य नव्हे, तर प्रतिकिलोग्रॅम सुमारे ३९७ किलोज्यूल इतका अप्रकट उष्मा होय. सिम्युलेशनमध्ये तो स्वतंत्रपणे भरला असेल, तर आलेखातले शिखर काढून टाकावे, अन्यथा तीच उष्णता दोनदा मोजली जाईल.

विद्युत्_रोध
लेझरने आलेले उत्तर विद्युत रोधकतेशी ताडून पाहावे, असा माझा आग्रह आहे. वीडमन–फ्रांझ नियमानुसार वाहकता म्हणजे लोरेन्झ अंक (२.४४ × १०⁻⁸) गुणिले केल्विनमधील तापमान, भागिले रोधकता. द्रवणांकाला द्रवाची रोधकता सुमारे २४ मायक्रोओहम-सेंटीमीटर धरल्यास वाहकता सुमारे ९५ येते, आणि घनाची १०.९ धरल्यास २०९. द्रवातील अभिसरण प्रवाहांचा रोधकतेच्या मापनावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून ही पडताळणी मला विश्वासार्ह वाटते. सिलिकॉनयुक्त मिश्रधातू ओतणार असाल, तर मात्र हे आकडे वापरू नका. तो ठरावीक बिंदूवर न वितळता तापमानाच्या एका पट्ट्यात वितळतो, आणि त्याचे मापन स्वतंत्रपणेच करावे लागते.